चाकामागची चकती

कडोदऱ्याच्या चौफुलीवर क्षणभर उभे राहिले, की चाकांचाच एक संसार डोळ्यांपुढून सरकू लागतो. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग आणि सुरतेहून धुळ्याकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. कापडाच्या गाठी, उसाच्या गाड्या आणि खानदेशातील आपल्या माणसांकडे निघालेली आमच्यासारखी कुटुंबे, सर्वांची वाट हीच.

गेल्या वैशाखात आम्ही पुतण्याच्या मोटारीतून लग्नासाठी नवापूरकडे निघालो होतो. सोबत वहिनी, सूनबाई आणि लहानगी नात. बारडोली मागे पडली आणि पुढच्या चाकातून टक्‌टक् असा आवाज येऊ लागला. "काका, रस्ताच खराब आहे," असे पुतण्या म्हणाला. परंतु चांगल्या रस्त्यावरही आवाज थांबेना, तेव्हा आम्ही गाडी कडेला घ्यावयास लावली. पाहतो तो चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते!

मग उलगडा झाला. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून चिरंजीवांनी आठवड्यापूर्वीच चाकांमागे 'स्पेसर' बसवून घेतले होते. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती. तिच्यामुळे चाक बाहेर सरकते. नट आवळून आम्ही हळूहळू बारडोलीस परतलो. तेथील एका वयस्क मिस्त्रींनी चाक उतरवून आम्हांस दोन दोष दाखविले. हबवरचा गंज न खरवडताच चकती चढविली होती आणि स्टड मात्र मूळचेच, आखूड होते.

यामागील तत्त्व वाचकांनी ध्यानी घ्यावे. नटांच्या आवळण्याने चाक हबवर घट्ट दाबले जाते आणि त्या घर्षणानेच ते जागी राहते. मध्ये गंज वा रंग असला, तर तो चालता चालता चुरडतो आणि पकड ढिली होते. शिवाय चकती जेवढी जाड, तेवढे नटाच्या वाट्याचे आटे कमी. सर्वसाधारण नियम असा, की स्टडच्या जाडीइतकी लांबी नटात शिरलीच पाहिजे. १२ मिलिमीटरचा स्टड आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतील, तर नटाचे निदान ८ पूर्ण फेरे बसावयास हवेत. तेवढे बसत नसतील, तर लांब स्टड घालावेत, किंवा स्वतंत्र स्टड असलेली जाड चकती घ्यावी. मात्र या दुसऱ्या प्रकारात मूळ स्टडची टोके चकतीबाहेर डोकावून चाकाला अडता कामा नयेत.

चकतीची छिद्रे व मधला गाळा त्याच गाडीच्या मापाचा असावा. दोन चकत्या एकावर एक कधीही चढवू नयेत. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटचा आवळ गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार टॉर्क रेंचने द्यावा. पान्यावर उभे राहून नव्हे. सुमारे १०० किलोमीटर चालल्यावर तो पुन्हा तपासावा. स्वतंत्र स्टडची चकती असेल, तर चाक काढून आतले नटही तपासावेत. गाडी भरलेली असताना चाक दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ते मडगार्डला घासत नाही ना, हेही पाहावे. एवढे केले, तरी बेअरिंगवरचा वाढलेला ताण राहतोच.

कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास मनाई करते. म्हणून परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत आधी विचारणा करणे इष्ट.

मिस्त्रींनी चारही चकत्या काढून पुतण्याच्या हाती दिल्या. आम्ही त्याला रागे भरणार, तोच वहिनी म्हणाल्या, "अरे, गाडी देखणी नसली तरी चालेल, माणसे घरी पोचवणारी असू दे." यापुढे आम्ही काय बोलणार? सायंकाळी आम्ही मांडवात पोचलो. उशीर झाला खरा. परंतु पोचलो सारे.