संगणकाचा अहवाल आणि आपले शब्द

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचे पांढुर्णा व सौंसर मात्र मध्य प्रदेशात राहिले. घरची भाषा मराठी, कचेरीची हिंदी. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातले, म्हणून ‘खाली’ हा शब्द पडद्यावर दिसला की मी क्षणभर थबकतो. हिंदीत खाली म्हणजे रिकामे. (कन्नड विभागातील मित्रांचे ‘खाली’ही तेच.) ‘रकाना खाली आहे’ असे संगणकाने कळवले, तर सौंसरच्या माणसाने रकाना भरायचा की पानाच्या तळाशी शोधायचा?

बरे, मग ‘निरंक’ म्हणावे का? तेही नको. निरंक म्हणजे मोजले आणि शून्य निघाले. डेटाबेसमधला ‘नल’ म्हणजे नोंदच नाही. तीन दिवसांत संत्र्याच्या ३०० पेट्या आल्या. चौथ्या दिवशी शून्य लिहिले तर सरासरी ७५, नल ठेवला तर १००! नल असलेला दिवस संगणक सरासरीत धरतच नाही. मी तरी ‘नोंद नाही’ असेच म्हणेन.

पण सारा दोष भाषांतराच्या माथी मारून चालणार नाही, मूळ इंग्रजीही चकवते. पोस्टग्रेस या डेटाबेसला ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ अशी आज्ञा दिली की उत्तर शोधताना काय काय केले याचा अहवाल तो देतो. अंदाज आणि प्रत्यक्ष असे आकडे शेजारी शेजारी. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला अंदाजपत्रकच आठवावे. त्यात प्रत्यक्ष ‘ओळी ३, फेऱ्या १०००’ असे दिसले, तर हाती आलेल्या ओळी ३ नव्हेत, सुमारे ३००० होत. छापलेला आकडा दर फेरीच्या सरासरीचा असतो, आणि तसे तेथे कोठेही लिहिलेले नसते. आडत्याने पट्टीवर एका पेटीचा भाव लिहून त्यालाच ‘रक्कम’ म्हणावे, तसला हा प्रकार.

२०२५ मध्ये १८ वी आवृत्ती आली. तोवर ही सरासरी पूर्णांकातच छापली जाई. दर फेरीला ०.४ ओळी आणि फेऱ्या १०,००० असल्या, तर प्रत्यक्षात ४,००० ओळी मिळूनही अहवालात ० दिसे! वाचणारा ‘येथे काही सापडले नाही’ असे समजून भलतीकडे दोष शोधणार. आता दोन दशांश स्थळे छापतात, हे ठीकच झाले. शब्द मात्र अजून नुसता ‘ओळी’च आहे. तेथे ‘दर फेरी सरासरी ओळी’ असे चार शब्द हवेत. पडद्यावर तेवढी जागा खुशाल जावी.