खाणीचा नकाशा: कागद, स्कॅन आणि आकडे

24 जुलै 2002 च्या रात्री पेनसिल्व्हेनियातील सॉमरसेट काउंटीत, क्वेक्रीक कोळसा खाणीत काम करणाऱ्यांकडून शेजारच्या बंद सॅक्समन खाणीची भिंत नकळत फुटली आणि तिथे साचलेले पाणी आत घुसले. नऊ जण सुमारे 240 फूट खोल अडकले. 77 तासांहून अधिक काळाने ते सर्व जिवंत बाहेर आले, हे नशीबच. हाताशी असलेल्या नकाशानुसार जुनी खाण अजून सुमारे 300 फूट दूर होती. पण तो नकाशा अखेरचा नव्हता. अखेरचा नकाशा पुढे विंडबर येथील कोळसा संग्रहालयात सापडला.

खाण कायमची बंद झाल्यावर 60 दिवसांच्या आत, नोंदणीकृत सर्वेक्षक किंवा अभियंत्याने प्रमाणित केलेला अद्ययावत नकाशा सरकारकडे दाखल करावा, असा अमेरिकेचा संघीय नियम आहे. तो कागदाऐवजी डिजिटल स्वरूपात घेण्याचा आग्रह केवळ कपाटातील जागा वाचवण्यासाठी नाही. एका इंचास 500 फूट या प्रमाणात कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीखालचे जवळजवळ 20 फूट. दमट हवेत कागद ताणला जातो, कोरड्या हवेत आकसतो. छायाप्रतीची छायाप्रत काढताना आणखी थोडा बिघडतो.

मात्र स्कॅन केलेले चित्र म्हणजे डिजिटल नकाशा नव्हे. खऱ्या डिजिटल नकाशात प्रत्येक बोगद्याचे टोक अक्षांश-रेखांशांसारख्या निर्देशांकांनी नोंदलेले असते, त्यामुळे शेजारच्या दोन खाणी एकाच चौकटीत ठेवून त्यांतील अंतर मोजता येते. इथेच खरी मेख आहे. जुन्या खाणींनी आपापला स्थानिक आरंभबिंदू धरून मोजणी केली. तो राज्याच्या आजच्या निर्देशांक पद्धतीशी जुळवला नाही, तर फाईल उघडते, रेषाही सुबक दिसतात, पण खाण भलत्याच जागी बसते. म्हणून फाईलबरोबर कोणती पद्धत वापरली, मोजणी केव्हाची आणि कोणाच्या सहीची, हेही यायला हवे. कागदावरचा शिक्का खोडला तर निदान दिसतो. फाईलमधील बदल डिजिटल स्वाक्षरीशिवाय कळतही नाही.

भारतातही हा विषय परका नाही. डिसेंबर 1975 मध्ये धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून सुमारे 375 कामगार मृत्युमुखी पडले.

पिट्सबर्गच्या राष्ट्रीय खाण नकाशा भांडारात बंद खाणींचे लाखाहून अधिक नकाशे आहेत. त्यांतील अपुरे नकाशे संगणकावर चढवल्याने पुरे होत नाहीत. त्यामुळे शेजारच्या जुन्या खाणीपासून 200 फुटांच्या आत जाताना आधी छिद्रे पाडून चाचपणी करण्याचा नियम आजही लागू आहे.