वीज स्वतःची, तारा सर्वांच्या : वीजदरात न्याय कसा साधावा?

रायपूरजवळच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींमधील स्पंज आयर्नचे अनेक कारखाने भट्टीतून निघणाऱ्या तप्त वायूंवर स्वतःची वीज तयार करतात. तरीही त्यांची जनित्रे सार्वजनिक वीजजाळ्याशी जोडलेली असतात. जी वीज घेतलीच नाही, तिच्यासाठी पैसे का मोजावेत, हा प्रश्न येथे दोन दशकांपूर्वीच उपस्थित झाला होता. आता छतांवर सौर संच बसू लागल्याने तोच प्रश्न सामान्य ग्राहकाच्या दारी आला आहे.

उरला प्रकरण काय होते?

२००३ च्या विद्युत कायद्याने स्वतःच्या वापरासाठी वीजनिर्मिती करण्याची मोकळीक दिली. मात्र जाळ्याशी जोडून चालणाऱ्या अशा प्रकल्पांवर छत्तीसगढमध्ये समांतर परिचालन शुल्क आकारण्यात आले. उरला इंडस्ट्रीज असोसिएशनने त्याविरुद्ध अपिलीय विद्युत न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २००६ मध्ये न्यायाधिकरणाने हे शुल्क योग्य ठरविले. भट्टीचा भार क्षणात चढतो-उतरतो, मोठी मोटर सुरू होताना एकाएकी जास्त प्रवाह खेचते. हे धक्के जाळे सोसते. ही एक सेवा आहे. युनिट मोजणाऱ्या मीटरवर मात्र ती दिसत नाही.

घरगुती ग्राहकाचा हिशोब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वस्तीत १०० घरे असून प्रत्येक घर महिन्याला २०० युनिट वापरते. वीजखरेदीचा खर्च प्रतियुनिट ३.५० रुपये, तर तारा, रोहित्रे व देखभाल यांचा मासिक खर्च ५० हजार रुपये आहे. सर्व खर्च युनिटवर वसूल केल्यास दर ६ रुपये पडतो. आता २० घरांनी सौर संच बसविले आणि नेट मीटरिंगमुळे त्यांचे देयक शून्यावर आले. जाळ्याचा खर्च तेवढाच राहतो. पण तो उरलेल्या ८० घरांवर पडतो. त्यांचा दर सुमारे ६.६३ रुपये होतो, म्हणजे प्रत्येक घराला दरमहा १२५ रुपयांचा जादा भुर्दंड बसतो. सौर संच घेण्याची ऐपत नसलेले कुटुंबही त्यात आले.

मग जाळ्याचा सारा खर्च स्थिर आकारात घालावा काय? तसे केल्यास प्रत्येक घराला ५०० रुपये आधीच द्यावे लागतील. केवळ ५० युनिट वापरणाऱ्या घराचे देयक ३०० वरून ६७५ रुपयांवर जाईल. म्हणजे एक अन्याय टाळताना दुसरा ओढवतो.

मध्यम मार्ग

स्थिर आकार सर्वांना सारखा न लावता मंजूर भारानुसार लावल्यास लहान ग्राहकाचे रक्षण होते. दुसरा उपाय वेळेनुसार दर ठेवण्याचा आहे. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित नियमांनुसार सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. दुपारी दिलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट यांचे मोल सारखे नाही, हे त्यातून मान्य होते. महाराष्ट्राच्या आयोगाने २०२० मध्ये, राज्यातील छतावरील निर्मिती ५ हजार मेगावॅट होईपर्यंत जाळे-आधार शुल्क न लावण्याची भूमिका घेतली. नव्या क्षेत्राला आधी वाढू द्यावे, हा त्यामागील विचार होता.

स्थानिक निर्मितीचे लाभही हिशोबात धरावे लागतील. वीज जवळच वापरली गेल्यास वहनातील गळती घटते आणि दिवसा रोहित्रांवरील ताण कमी होतो. परंतु सायंकाळची मागणी कायम असेल, तर रोहित्र तेवढ्याच क्षमतेचे लागते.

केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेचे लक्ष्य १ कोटी घरांचे आहे. त्यामुळे हा हिशोब आता लांबणीवर टाकता येणार नाही. विद्युत कायद्यानुसार दर निश्चित करण्यापूर्वी आयोगाने जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेणे बंधनकारक आहे. उद्योग आपली बाजू तेथे मांडतातच. छतही नसलेल्या भाडेकरूचे म्हणणे तेथे पोहोचते की नाही, यावर दराची न्याय्यता अवलंबून राहील.