फातोर्ड्याची ती दोन मिनिटं: हरलेल्या अंतिम सामन्याविषयीचे गैरसमज

२० डिसेंबर २०१५. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना: एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. मैदान घरचं, साखळीत पहिला क्रमांक आपला, प्रशिक्षकाच्या जागी साक्षात झिको. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि गोवा २-१ पुढे गेला. आमच्या पायऱ्यांवर लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. मग ९०व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टिमनीच्या नावावर स्वयंगोल लागला. भरपाईच्या दुसऱ्या मिनिटाला स्टीवन मेंडोझाने तिसरा गोल मारला आणि २-३ असा निकाल लागला. स्टेडियम इतकं गप्प झालं की चेन्नईच्या खेळाडूंच्या आरोळ्या वरपर्यंत स्पष्ट ऐकू येत होत्या.

त्या रात्री आणि पुढच्या आठवडाभर जे सल्ले कानावर पडले, ते दर मोठ्या पराभवानंतर पडतातच. त्यातले बरेचसे चुकीचे आहेत, काही तर घातक आहेत.

“खेळच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?”

हे सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण दुःख खरं असतं आणि ते मोजलंही गेलं आहे. ब्रिटनमध्ये पीटर डोल्टन आणि जॉर्ज मॅकेरॉन या अर्थतज्ज्ञांनी सुमारे ३२ हजार लोकांच्या मोबाइलवरून आलेल्या तीसेक लाख नोंदी तपासल्या. ‘आत्ता या क्षणी तुम्हाला कसं वाटतंय?’ एवढाच प्रश्न लोकांना अधूनमधून विचारला जायचा. २०१८ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. संघ जिंकल्यावर पुढच्या तासाभरात चाहत्याचा आनंद जितका वाढतो, त्याच्या साधारण दुप्पट तो हरल्यावर घसरतो. थोडक्यात, जिंकणं आणि हरणं यांचं पारडं समान नसतं.

एवढं का लागतं? कारण संघ हा चाहत्याच्या ‘आपण’मध्ये मोडतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकी विद्यापीठांत पाहिलं होतं की आपल्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात. शिवाय जिंकल्यावर ते ‘आपण जिंकलो’ म्हणतात आणि हरल्यावर ‘ते हरले’. मडगावच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर हे ऐकू येतं. पण २०१५च्या त्या रात्री बाहेर पडताना माझ्या पुढे चालणारा एक म्हातारा गृहस्थ स्वतःशीच ‘हारले आमी’ पुटपुटत होता. त्याने ‘आमी’ सोडलं नाही. ज्याला ‘ते’ म्हणून अंग काढून घेता येत नाही, त्याला ‘खेळच तर आहे’ सांगून काय उपयोग? गोव्याने २०१२ साली फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं. इथे डेम्पो, साळगावकर, चर्चिल या क्लबांच्या नावांवरून घराघरांत तट पडलेले आहेत. त्या म्हाताऱ्याचं दुःख काही आयएसएलबरोबर जन्माला आलेलं नव्हतं.

“हे कधीच भरून निघणार नाही. आता फुटबॉल बंद.”

शिट्टी वाजल्यावर असं वाटणं साहजिक आहे, पण ते भाकीत म्हणून खोटं ठरतं. टिमथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली यावर काम प्रसिद्ध केलं. व्हर्जिनियातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी आधीच विचारलं की सामन्याच्या निकालाचा परिणाम तुमच्या मनावर किती दिवस राहील. विद्यार्थ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला. अंदाज बांधताना माणूस फक्त सामना डोळ्यांसमोर धरतो. दुसऱ्या दिवशीचं कॉलेज, जेवण, मित्राचा फोन, परीक्षा हे सगळं तो विसरतो. ज्यांना आधी ‘येत्या दिवसात काय काय करणार आहात’ हे लिहायला लावलं होतं, त्यांचे अंदाज अधिक वास्तवाला धरून आले. म्हणून मी स्वतः मोठ्या सामन्याच्या आधीच दुसऱ्या दिवसाची कामं वहीत लिहून ठेवतो. वेदना त्याने जात नाही, पण ‘आता सगळं संपलं’ ही भावना कमी होते.

एफसी गोव्याचंच पाहा. १७ मार्च २०१९ला मुंबईत ते पुन्हा आयएसएलच्या अंतिम सामन्यात पोहोचले आणि बेंगळुरूकडून अतिरिक्त वेळेत ०-१ हरले. ११७व्या मिनिटाला गोल करणारा राहुल भेके मुंबईचाच. म्हणजे एका मराठी मुलाने आम्हा गोवेकरांना रडवलं होतं. चार आठवडेही उलटले नव्हते तोच, १३ एप्रिलला, याच संघाने भुवनेश्वरला सुपर कप जिंकला. अंतिम सामन्यात समोर चेन्नईयिनच होता. निकाल २-१.

मात्र आठवण आणि वेदना या वेगळ्या गोष्टी आहेत. आठवण राहते, ती राहू द्यावी. पण दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, जेवणावर वासना नसेल, कामात मन नसेल, तर प्रश्न बहुधा सामन्यापुरता नसतो, आधीपासून साचलेलं काहीतरी असतं. अशा वेळी डॉक्टरांशी किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलायला अजिबात संकोच करू नये.

“राग बाहेर काढला की मोकळं वाटतं.”

टीव्हीवर रिमोट फेकणारे, खुर्च्या मोडणारे, जर्सी जाळणारे सगळे याच समजुतीवर विसंबून असतात. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधी त्यांना चिडवलं. मग काहींना ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायामाचा विचार करत तेच करायला सांगितलं, तर काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत ठोसे मारणारे सगळ्यांत जास्त चिडलेले निघाले आणि पुढे आक्रमकही तेच ठरले. नुसते बसलेले सगळ्यांत शांत होते. राग चघळत राहिलं की तो वाढतो. रात्री एकदोनपर्यंत तोच स्वयंगोल पुन्हापुन्हा मोबाइलवर पाहणं हाही चघळण्याचाच प्रकार.

रडणं मात्र यात येत नाही. लहान मुलं रडत असतील तर त्यांना ‘मुलगा असून रडतोस?’ असं कुणी विचारू नये.

“हरल्याचा राग होता, म्हणून हात उचलला.”

हा गैरसमज सगळ्यांत वाईट, कारण तो गुन्ह्याला निमित्त पुरवतो. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२, २००६ आणि २०१० या विश्वचषकांच्या काळातल्या लँकेशायर पोलिसांच्या नोंदी तपासल्या. इंग्लंड हरलं त्या दिवशी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या होत्या. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. दुसरा सांगितला जात नाही: इंग्लंड जिंकलं किंवा सामना बरोबरीत सुटला त्या दिवशीही त्या २६ टक्क्यांनी वाढल्या होत्या. पराभव हेच कारण असतं तर जिंकल्यावर हात का उचलला जातो? पुढे मँचेस्टर परिसरातल्या नोंदींवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी काम केलं. त्यात सामन्यानंतरची वाढ दारू प्यायलेल्या आरोपींच्या प्रकरणांत दिसली. करोडो लोक हरलेला सामना पाहतात आणि कुणावरही हात न उचलता झोपी जातात. ज्या घरात भीती आहे तिथल्या बाईने १८१ किंवा ११२ फिरवावा. समोरचा सामना हरून आला की जिंकून, याने काही फरक पडत नाही.

“हार्ट अटॅक येतो तो हरल्याच्या धक्क्याने.”

अर्धं खरं. १९९८च्या विश्वचषकात इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टींवर हरलं, तो दिवस आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं होतं. पण २००६च्या विश्वचषकावेळी म्युनिक परिसरात झालेला अभ्यास वेगळी गोष्ट सांगतो. जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या घटना नेहमीच्या अडीच पटींहून अधिक झाल्या. सर्वाधिक घटनांच्या दिवशी तर जर्मनी अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टींवर जिंकली होती. त्रास पराभवापेक्षा ताण देतो, आणि ज्यांना हृदयविकार आधीपासून आहे त्यांना धोका सर्वांत जास्त असतो. घरात असं कुणी असेल तर त्यांची औषधं सामन्याच्या गडबडीत चुकू देऊ नयेत, आणि छातीत जडपणा, घाम, हात किंवा जबड्यापर्यंत जाणारी कळ जाणवली तर खेळ संपायची वाट न पाहता १०८ लावावा.

“त्या एकामुळे हरलो.”

याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं आहे.

१६ जुलै १९५०, रिओचं माराकाना, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. लोक त्याला विश्वचषकाचा अंतिम सामना म्हणतात, पण त्या वर्षी अंतिम सामना नव्हताच, चार संघांची अंतिम साखळी होती. योगायोगाने शेवटचा सामनाच निर्णायक ठरला. स्वीडनला ७-१, स्पेनला ६-१ हरवून आलेल्या ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. दीड लाखाहून कितीतरी अधिक लोक जमले होते. फ्रियासाने ब्राझीलला आघाडी दिली, शियाफिनोने उरुग्वेची बरोबरी साधली आणि ७९व्या मिनिटाला घिग्गियाने जवळच्या खांबालगत मारलेला चेंडू गोलरक्षक मोआसिर बार्बोसाला चुकवून आत गेला. १-२.

अकराजण खेळले, प्रशिक्षकाने डावपेच आखले, वर्तमानपत्रांनी आधीच विजेते जाहीर केले. पण दोष आला तो प्रामुख्याने बार्बोसा, बिगोडे आणि जुवेनाल या तिघांवर. तिघेही कृष्णवर्णीय. बार्बोसा त्यानंतर ब्राझीलकडून कधीच खेळला नाही असं सांगतात, तेही खरं नाही, १९५३मध्ये तो पुन्हा राष्ट्रीय संघातून मैदानात उतरला होता. पण त्याने काही फरक पडला नाही. ब्राझीलमध्ये कमाल शिक्षा तीस वर्षांची, आपण मात्र त्याहून कितीतरी जास्त भोगतो आहोत, असं तो म्हातारपणी बोलून दाखवायचा. २०००मध्ये तो गेला तेव्हाही बातम्यांत पहिलं वाक्य त्या गोलाचंच होतं. त्या सामन्यातला पांढरा सदरा ब्राझीलने अपशकुनी म्हणून लगेच फेकून दिला, हीही दंतकथाच. १९५२ साली ब्राझीलने पॅन-अमेरिकन स्पर्धा जिंकली ती पांढऱ्यातच. पिवळा सदरा त्यानंतर एका वर्तमानपत्राच्या स्पर्धेतून आला. तो रेखाटणारा अल्दिर गार्सिया श्ले हा तरुण सीमेलगतच्या गावचा आणि मनाने उरुग्वेचा चाहता.

२०२१च्या युरो अंतिम सामन्यातही हेच घडलं. वेम्बलीवर इटलीविरुद्ध पेनल्टी चुकलेल्या इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्यावर समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. साका तेव्हा १९ वर्षांचा होता. कुणी कोणत्या क्रमाने किक मारायची हे ठरवणारे प्रशिक्षक साउथगेट यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. १९९६च्या युरो उपांत्य सामन्यात त्यांचीही पेनल्टी हुकली होती.

आणि आमचा कट्टिमनी. गोव्यातच खेळून मोठा झालेला, डेम्पोच्या गोलात उभा राहिलेला मुलगा. २०१५च्या त्या सामन्यात त्याने पेनल्टी अडवली होती, हे दुसऱ्या दिवशी कुणाच्या तोंडी नव्हतं. त्या रात्री स्टँडमध्ये त्याला जे शब्द लागले ते मी ऐकले, आणि एकाही माणसाला मी थांबवलं नाही. आघाडी घेतल्यावर अख्खा संघ मागे सरकला, मधली फळी चेंडू टिकवू शकली नाही, मेंडोझाला भरपाईच्या दुसऱ्या मिनिटाला एवढी मोकळी जागा कुणी दिली, याबद्दल त्या रात्री एकाने चकार शब्द काढला नाही.

२० मार्च २०२२. पुन्हा फातोर्डा, पुन्हा आयएसएलचा अंतिम सामना. हैदराबादचा गोल आता कट्टिमनी राखत होता, समोर केरळ ब्लास्टर्स, त्यांचा तिसरा अंतिम सामना, आधीचे दोन्ही हरलेले. केरळहून आलेल्या लोकांनी स्टेडियम पिवळं करून टाकलं होतं. ६८व्या मिनिटाला राहुल के. पी.ने ब्लास्टर्सना पुढे नेलं, ८८व्या मिनिटाला गोव्याच्या साहिल ताव्होराने बरोबरी केली. पेनल्टींमध्ये कट्टिमनीने तीन अडवल्या. हैदराबाद ३-१.

सामना संपल्यावर आम्ही २०१५मध्ये बसलो होतो त्याच पायऱ्यांवर पिवळे सदरे घातलेली माणसं बसून होती. कुणी बोलत नव्हतं. बाहेर रस्त्यावर एका बापाने खांद्यावर पोराला घेतलं होतं. त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत मडगाव स्टेशनचा रस्ता विचारला. माझा मुक्काम दुसऱ्या बाजूला होता, तरी मी त्यांच्याबरोबर रेल्वे फाटकापर्यंत चालत गेलो. त्याने वाटेत एकदाच विचारलं, तो गोलकीपर इथलाच ना? मी हो म्हटलं.