चुकलेल्या रेखांशाचा किनारा

सतराव्या शतकातल्या डच नकाशांवरचा ऑस्ट्रेलिया अर्धवट दिसतो. पश्चिम आणि उत्तर किनारा बऱ्यापैकी रेखलेला, दक्षिणेचा एक तुकडा आणि पूर्वेला कोरा कागद. यातला पश्चिम किनारा शोधायला खरे तर कुणी निघालेच नव्हते. (तिथे हजारो वर्षे राहणाऱ्यांना तो अर्थातच ठाऊक होता.) डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना मसाल्यासाठी जावाला जायचे होते. वाटेत त्यांचा हिशेब चुके आणि त्या चुकांतून नकाशा भरत गेला.

१६११ मध्ये हेन्ड्रिक ब्रौवरने जावाचा नवा मार्ग काढला. आफ्रिकेच्या टोकावरून आणखी दक्षिणेला उतरायचे, तिथल्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर हजारो मैल पूर्वेला जायचे आणि मग उत्तरेला वळायचे. प्रवासाचे कित्येक महिने वाचले. प्रश्न एकच, वळायचे कुठे?

दुपारच्या सूर्याची उंची मोजली की अक्षांश कळतो. रेखांशाचे तसे नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. निघालो त्या बंदरात आत्ता किती वाजलेत हे समजले, तर इथल्या वेळेशी ताडून आपण किती पूर्वेला आलो ते काढता येते. पण डुलत्या जहाजावर अचूक चालणारे घड्याळच तेव्हा नव्हते. खलाशी वेगाच्या अंदाजावरून अंतर मांडत. प्रवाहाने जहाज पुढे ढकलले तर ते या हिशेबात येत नसे आणि वळण हुकलेले जहाज थेट ऑस्ट्रेलियासमोर येई.

१६१६ मध्ये डर्क हार्टॉग असाच पोहोचला. तिथल्या बेटावर खांबाला ठोकलेली त्याची कोरीव थाळी आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. जहाजांच्या नोंदवह्यांवरून कंपनीचा नकाशाकार हेसेल गेरिट्झ किनारा जोडत गेला. त्याला त्याने हार्टॉगच्या जहाजाचे, ‘एन्ड्राख्ट’चे नाव दिले.

सगळेच हार्टॉगइतके नशीबवान नव्हते. ४ जून १६२९ च्या पहाटे, जमीन अजून दूर आहे या समजुतीत ‘बटाव्हिया’ हे जहाज हाउटमन आब्रोल्होस बेटांच्या प्रवाळखडकांवर आदळले. डच खलाशांनी ही बेटे १६१९ मध्येच पाहिली होती. पण आपण नेमके कुठे आहोत हेच माहीत नसेल, तर नकाशा काय सांगणार? जहाजावर तीनशेच्या आसपास माणसे होती. काही बुडाली. प्रमुख अधिकारी मदत आणायला होडीने जावाला गेला, तेव्हा मागे बंडखोरांनी शंभराहून अधिक जणांना ठार केले.

पूर्व किनारा १७७० मध्ये जेम्स कुकने आखला. त्याच्याकडेही तसे घड्याळ नव्हते, पण चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याची किचकट रीत तोवर आली होती. सागरी घड्याळे घेऊन १८०१ मध्ये निघालेल्या मॅथ्यू फ्लिंडर्सने खंडाला पूर्ण फेरी मारली आणि उरलेला किनारा जोडला. त्याचे पुस्तक आणि नकाशे १८१४ च्या जुलैत प्रसिद्ध झाले, दुसऱ्याच दिवशी तो वारला.