क्लच घसरतोय की गिअर अडतोय?



आपल्या जव्हार-मोखाड्यात एसटी चुकली की जीपच खरी. बाजार, दवाखाना, लग्नकार्य, सगळं तिच्यावरच. आता गटातल्या काही जणी मुलासाठी नाहीतर नवऱ्यासाठी जुनी जीप घ्यायला कर्ज मागतात. गाडी दारात आली आणि महिन्याभरात क्लच गेला, तर हप्ता थांबतो आणि भार सगळ्या गटावर येतो. म्हणून आज आपण क्लच आणि गिअरबॉक्सविषयी बोलू. दुरुस्ती मेकॅनिकच करणार, पण दुखणं कुठे आहे याचा अंदाज आपल्यालाही घेता येतो.

आधी काम समजून घेऊ. दोन थाळ्या एकमेकींवर घट्ट दाबल्या आणि एक फिरवली, की दुसरीही फिरते. दाब सोडला की एकटीच फिरते. क्लच असाच असतो. पायडल वर असताना इंजिनाची ताकद क्लच प्लेटमधून गिअरबॉक्सला जाते, पायडल दाबलं की ती तुटते आणि तेवढ्यात गिअर बदलतात. गिअरचं काम काय? डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढताना आपण लहान पावलं टाकतो, सपाटीला लांब टाकतो. पहिला गिअर म्हणजे लहान पाऊल. वेग कमी, जोर जास्त.

आता दुखणी पाहू.

पहिलं, क्लच घसरणं. तोरंगणचा घाट चढताना इंजिन मोठ्याने ओरडतं, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. जळका वास येतो. याचा अर्थ प्लेट झिजली, तिच्यावर तेल आलं, नाहीतर क्लचची केबल जास्त ताणलेली आहे. तपासणी अशी: सपाट, मोकळ्या जागी गाडी उभी करावी, पुढे-मागे कोणी नको. हँडब्रेक ओढून, पायाने ब्रेकही दाबून, ड्रायव्हरने तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळू सोडावा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. चालूच राहिलं तर घसरतोय. ही तपासणी एकदाच करावी, पुन्हापुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते.

दुसरं, गिअर न पडणं. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहायचे. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पुरता सुटत नाही. केबल ढिली असेल, किंवा तेलावर चालणारा क्लच असेल तर तेल कमी झालं असेल. हे काम बहुतेक वेळा लहान असतं. तेव्हा कोणी लगेच “गिअरबॉक्स गेला” म्हणालं, तर आधी केबल आणि तेल पाहायला सांगा. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल, तर दोष दांडीच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्समध्ये. एकाच गिअरला करकर होत असेल, तर त्या गिअरचाच आतला भाग झिजलेला असतो.

तिसरं, आवाज. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पायडल दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर क्लचचं बेअरिंग गेलं. उलट पायडल वर असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. गाडीखाली तेलाचे डाग असतील तर गिअर ऑइलही तपासून घ्या. तेल कमी पडलं की आतले दात खाल्ले जातात.

चौथं, गिअर आपोआप निसटणं. हे घाटात सगळ्यात धोक्याचं. उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊच नये. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणं हेही तसंच. ड्रायव्हर कितीही ओळखीचा असो, “दादा, गिअरमध्ये उतरवा” असं म्हणायला लाजू नका.

क्लच लवकर का झिजतो? पाय कायम पायडलवर ठेवला, चढावर हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली, मापापेक्षा जास्त माणसं आणि पोती भरली, की झिजतो.

प्लेट बदलायचीच वेळ आली, तर प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही त्याच वेळी तपासून घ्या. गिअरबॉक्स खाली उतरवण्याची मजुरी मोठी असते, ती दोनदा कशाला? खर्च आधी कागदावर लिहून मागा आणि काढलेले जुने भाग डोळ्यांनी पाहा.

जुनी जीप घेताना गटातल्या दोघी-तिघींनी ओळखीच्या मेकॅनिकसोबत जावं. माणसं बसवून एक चढ चढून पाहावा. मगच पैसे द्यावेत.

आणि शेवटचं, मनात पक्कं ठेवा. बाळंतपणाची बाई न्यायची असेल आणि जीपचा क्लच घसरतोय हे माहीत असेल, तर “जाईल कशीबशी” म्हणून निघू नका. आधी १०८ ला फोन लावा, सोबत दुसरी गाडीही शोधा. घसरणारा क्लच ऐन चढावर, भरल्या गाडीतच दगा देतो.

पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा. कोणाच्या घरी जीप असेल तर या चारही गोष्टी तिथेच तपासून पाहा.