पिंजौर : पायथ्याची बाग

हवा खाण्यासाठी बाहेर पडायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डोंगराचा माथा उभा राहतो. महाबळेश्वर घ्या, माथेरान घ्या; आपली सारी धडपड वर जाण्याची असते. माथेरानची चिमुकली आगगाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या चार वर्षे आधी, १९०३ साली, उत्तरेत काल्का ते सिमला हा तसाच अरुंद रुळांचा मार्ग खुला झाला होता. सुमारे ९६ किलोमीटरांत तो साडेसहाशे मीटरांवरून दोन हजार मीटरांच्याही वर चढतो, आणि २००८ सालापासून जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आहे. या गाडीत बसण्यासाठी आपल्याकडून हौसेने जाणारी मंडळी पुष्कळ आहेत. परंतु काल्क्याच्या अलीकडे, अवघ्या पाचएक किलोमीटरांवर, पिंजौर नावाचे एक गाव लागते. तिथे थांबणारे मात्र थोडेच. आजच्या या भाषणात मी श्रोत्यांना वर न नेता त्या पायथ्याशीच थांबवणार आहे.

चंडीगडपासून पिंजौर सुमारे वीस-बावीस किलोमीटरांवर आहे. एका बाजूला शिवालिकच्या बुटक्या टेकड्या आणि दुसऱ्या बाजूला कसौलीकडे चढत जाणारा हिमालयाचा पहिला खरा डोंगर, यांच्या मधल्या लांबट खोऱ्यात ते वसले आहे. अशा खोऱ्याला तिकडे ‘दून’ म्हणतात. डेहराडून या नावातला दून तोच. गावाची उंची जवळजवळ आपल्या पुण्याइतकी. म्हणजे थंड हवेचे ठिकाण असे याला म्हणता येणार नाही. तरीही वर्षाच्या प्रत्येक ऋतूत चंडीगड, अंबाला, पंचकुला इथली कुटुंबे शिदोरी बांधून इकडे लोटतात. त्याचे कारण इथली बाग.

ही बाग सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फिदाईखान कोका याने वसवली. ‘कोका’ म्हणजे दूधभाऊ. तो औरंगजेबाचा दूधभाऊ होता. लाहोरची प्रसिद्ध बादशाही मशीद १६७३ साली याच माणसाच्या देखरेखीखाली पुरी झाली. पिंजौरला त्याने डोंगराच्या उताराचे सात टप्पे पाडले आणि त्यांवरून मधोमध पाण्याचा पाट सोडला. मोगल बागेची ही रीत काश्मीरच्या शालिमार आणि निशात बागांतही दिसते. मात्र त्या बागांत पाहुणा खालून शिरतो आणि पाण्याला सामोरा जात टप्प्याटप्प्याने वर चढतो. पिंजौरला दरवाजा सर्वांत वरच्या टप्प्यावर आहे. पाहुणा पाण्याच्या सोबतीने खाली उतरत जातो आणि एका टप्प्याच्या काठाशी पोचल्याखेरीज पुढचा टप्पा त्याच्या दृष्टीस पडत नाही. वर शीशमहाल, त्याखाली रंगमहाल, मग सरूची झाडे आणि फुलांचे ताटवे, त्याच्याही खाली पाण्याने वेढलेला जलमहाल, अशी एकेक गोष्ट हळूहळू उलगडत जाते.

या रचनेत पाण्याला वर उचलण्यासाठी यंत्राची गरज नव्हती. उंचावरचे पाणी बंदिस्त नळातून खाली आणले की ते आपल्याच भाराने उसळी घेते आणि कारंजे उडते. आपल्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे तत्त्व नव्याने सांगावयास नको. दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून तिथे असेच उंचावरून सोडले आहे. पिंजौरच्या कारागिरांना तर डोंगर अगदी पाठीशीच मिळाला होता.

एवढी मेहनत घेऊनही फिदाईखानाला या बागेचे सुख फार काळ लाभले नाही, अशी आख्यायिका आहे. आसपासच्या पहाडी राजांना मोगल सरदाराचा हा शेजार नको होता. त्यांनी युक्ती केली. गळ्याला मोठमोठी गलगंडे असलेल्या बायका शोधून त्यांच्या डोक्यावर फळांच्या पाट्या दिल्या आणि त्यांना जनान्यात धाडले. ते गळे पाहून बेगमा घाबरल्या. इथल्या हवापाण्याने सर्वांचेच असे होते, असे उत्तर मिळताच जनान्याने तिथे राहण्याचे साफ नाकारले आणि खानाला बाग सोडावी लागली.

ही गोष्ट सहलीला आलेल्या मुलांना आजही हसत हसत सांगितली जाते. तथापि तीत हसण्यासारखे किती आहे, याचा विचार करावा. युक्ती कदाचित कल्पित असेल, पण गलगंड खरे होते. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात पावसाने आणि बर्फाच्या पाण्याने जमिनीतले आयोडीन शतकानुशतके धुऊन गेले आहे. जमिनीत नाही म्हणून ते धान्यात नाही आणि धान्यात नाही म्हणून माणसाच्या शरीरात नाही. गळ्यातली ग्रंथी मग ती उणीव भरून काढण्याच्या खटपटीत वाढत जाते. आईच्या पोटात असतानाच ही उणीव भासली तर मुलाच्या बुद्धीची वाढही खुंटते. १९५६ साली याच पहाडी पट्ट्यातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन प्रयोग आरंभला. काही वर्षांतच शाळकरी मुलांतील गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. बेगमा ज्या रोगाच्या दर्शनाने पळाल्या तो रोग त्या फळवाल्या बायकांना जन्मभर वागवावा लागत होता. त्यांना पळून जायला जागा नव्हती. त्यांच्या गावांचे दुःख हलके केले ते चिमूटभर मिठाने.

खानानंतर बागेचे दिवस पालटले. अठराव्या शतकात पिंजौर पतियाळा संस्थानाकडे गेले. जुन्या गॅझेटियरात एक नोंद आहे, ती मराठी माणसाने वाचून ठेवण्याजोगी आहे. १७९३ च्या सुमारास शिंद्यांच्या फौजेतल्या बूर्क्याँ नावाच्या फ्रेंच सरदाराने इथला किल्ला पाडून टाकला, असे तीत म्हटले आहे. म्हणजे आपले नाव इथे पाडापाडीच्या खात्यावर लिहिले गेले आहे. बाग मात्र पतियाळाच्या राजांनी राखली. महाराजा यादविंद्रसिंग यांच्या नावावरून तिला आज यादविंद्र उद्यान म्हणतात. १९६६ साली हरियाणा राज्य झाले आणि एका सरदाराच्या जनान्यासाठी भिंत घालून बांधलेली ही जागा त्या राज्याच्या हाती येऊन सर्वांची झाली.

आता इथले वर्ष कसे जाते ते पाहू. मेष संक्रांतीला, म्हणजे १३ किंवा १४ एप्रिलला, बैसाखी येते. आपला पाडवा चंद्राच्या गतीवर चालतो, बैसाखी सूर्याच्या. म्हणून तिची तारीख सहसा हलत नाही. गहू कापणीला आलेला असतो आणि शेतकरी कुटुंबे खळ्याच्या धांदलीआधी एक दिवस बागेत घालवतात.

त्यानंतरची मोठी गर्दी जुलैत, आंब्याच्या मेळ्याला. हा मेळा १९९२ सालापासून भरत आला आहे. मराठी श्रोत्याला येथे नवल वाटेल. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला आमरसाचे ताट वाढले जाते आणि मृगाचा पाऊस पडला की हापूसचा हंगाम आटोपतो. मग जुलैत आंबा कसला? याचे उत्तर थंडीत आहे. कोकणात थंडी सौम्य असल्याने मोहोर मार्गशीर्ष-पौषातच येऊ लागतो. उत्तरेतली कडक थंडी झाडाला फाल्गुनापर्यंत निजवून ठेवते. मोहोरच उशिरा येतो, म्हणून दशहरी जूनमध्ये, लंगडा त्याच्या पाठोपाठ आणि चौसा तर भर पावसात पिकतो. मेळ्यात या जाती टेबलांवर मांडलेल्या असतात. लोणच्याचा रामकेलाही असतो. बागाइतदारांच्या स्पर्धा होतात, मुलांच्या आंबे खाण्याच्या शर्यती होतात, आणि ज्याच्या हनुवटीवर रस ओघळलेला नाही असा माणूस शोधूनही सापडत नाही.

पाऊस स्थिरावला की श्रावण शुद्ध तृतीयेची तीज येते. हरियाणात या सणाला भाऊ बहिणीच्या सासरी ‘कोथली’ पोचवतो, म्हणजे घेवर वगैरे मिठाई आणि कपडे. झाडांना झोके बांधले जातात आणि लेकी त्यांवर उंच चढतात. आता आपले पंचांग उघडून पाहा. तीजेनंतर दोनच दिवसांनी श्रावण शुद्ध पंचमी, म्हणजे आपली नागपंचमी. आपल्याकडेही त्या दिवशी माहेरवाशिणी झोक्यावर बसतात. दीड हजार किलोमीटरांचे अंतर, भाषा निराळी, पक्वान्न निराळे. परंतु पावसाळ्यात लेकीला माहेर आठवते आणि झाडाची फांदी तिला हवी असते, हे दोन्हीकडे सारखेच. ज्या बागेत एके काळी बायकांना भिंतीआड ठेवले होते तिथेच आज तीजेचे झोके टांगले जातात.

हिवाळ्यात, डिसेंबरच्या सुमारास, संगीत आणि हस्तकलांचा वारसा महोत्सव भरवण्याची प्रथा २००६ साली सुरू झाली. या दिवसांत खाली मैदानात दाट धुके असते. वर सिमल्याकडे बर्फ पडू लागते. बर्फ पाहायला निघालेली कुटुंबे जाता-येता पिंजौरच्या उन्हात बसून संत्री सोलतात.

आपल्यापैकी ज्यांना उत्तरेची सहल आखावयाची असेल त्यांनी पिंजौरसाठी अर्धा दिवस अवश्य राखावा. मुलांच्या शाळांमुळे बहुतेकांना मे महिनाच सोयीचा वाटतो. पण त्या महिन्यात पायथ्याचे ऊन भाजून काढणारे असते. जमल्यास आंब्याचे किंवा झोक्यांचे दिवस साधावेत. बरोबर वृद्ध माणसे असली तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी : या बागेत जाताना उतरण आहे आणि येताना चढण. त्यांना वरच्याच टप्प्यावर, शीशमहालाच्या सावलीत, बसवावे. मुलांना पाण्याबरोबर खाली धावू द्यावे. ती दमून परत चढून येईपर्यंत आंब्याची पाटी सोडून ठेवावी, आणि जेवणात मीठ वाढताना त्या फळवाल्या बायकांची गोष्ट मुलांना संपूर्ण सांगावी.